पातं बारा इंची, काम सुतळीचं

बारा इंची सुरा कमरेला लावून हरिश्चंद्रगडावर नेमकं काय कापायचं असतं?

कांदा. टोमॅटो. सुतळी. तंबूची दोरी. फार तर चुलीसाठी वाळकी काटकी. मॅगीचं पाकीट हातानेच फाटतं.

तरीही पावसाळा तोंडावर आला की ट्रेकला निघालेली पोरं 'दणकट सुरी' शोधायला लागतात आणि बाजार त्यांच्यापुढे 'टॅक्टिकल', 'कमांडो', 'सर्व्हायव्हल' अशी लेबलं ओततो. काळं पातं, पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र. रविवारच्या ट्रेकमध्ये कुणाशी लढाई ठरली आहे?

घडीची नसलेली, पातं मुठीत कायमचं बसवलेली सुरी रानात चांगली. त्यात वाद नाही. तिला बिजागरी नसते, त्यामुळे चिखल अडकत नाही, खिळा सैल होत नाही आणि जोर लावताना पातं मिटून बोटांवर येत नाही. इतकं साधं कारण आहे. पण साध्या कारणावर महाग वस्तू खपत नाही.

म्हणून मग सिनेमा.

१९८२ साली 'फर्स्ट ब्लड' आला. त्याच्या नायकाच्या, रॅम्बोच्या, हातातली पोकळ मुठीची सुरी आर्कान्सामधल्या जिमी लाइल या कारागिराने घडवली होती. तो कसबी माणूस होता, त्याची सुरी खरी होती. त्याच्यामागून ज्या नकला निघाल्या त्यांनी फक्त रूप उचललं. मूठ पोकळ, म्हणजे पोलाद मुठीत शिरणार कुठून? बोटभर तुकडा आत आणि तो एका नटावर आवळलेला. लाकडावर चार घाव घातले की पातं एकीकडे, मूठ दुसरीकडे. होकायंत्र मात्र शाबूत.

पाठीवरच्या दातांचंही तसंच. अमेरिकी वैमानिकांच्या सुरीला ते दिले होते, कोसळलेल्या विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा फोडून बाहेर पडता यावं म्हणून. भीमाशंकरच्या वाटेवर पत्र्याचं विमान कुठून येणार? लाकूड त्या दातांनी कापलं जात नाही, नुसतं ओरखडतं. शिवाय बारीक काम करताना पाठीवर अंगठा टेकवता येत नाही. पैसे मोजून सुरीची एक बाजू वाया घालवायची, ती कशासाठी?

सुरी तुटते कुठे, हे आधी बघा. पात्याच्या मधोमध क्वचित. तुटते ती पातं आणि मूठ यांच्या सांध्यावर.

म्हणून जाणकार 'फुल टँग' म्हणतात. म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या पार टोकापर्यंत, पुऱ्या रुंदीने गेलेलं, दोन्ही बाजूंनी लाकडाच्या किंवा मायकार्टाच्या (राळेत दाबलेल्या कापडाच्या) पट्ट्या आणि आरपार रिव्हेट. मूठ फुटली तरी हातात पोलाद उरतं, चिंध्या गुंडाळून घरापर्यंत येता येतं. चांगली गोष्ट आहे. शक्यतो अशीच घ्या.

पण तिचाही मंत्र करू नका.

अमेरिकी मरीनांनी १९४२ पासून वापरलेल्या प्रसिद्ध का-बार सुरीची मुठीतली पट्टी अरुंदच आहे, तिच्यावर चामड्याच्या चकत्या ओवलेल्या. महायुद्ध निभावलं तिने. स्वीडनमधल्या मोरा गावच्या ज्या स्वस्त सुऱ्या जगभरचे सुतार, मासेमार आणि भटके वापरतात, त्यांतल्या 'कम्पॅनियन'चं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जातच नाही. पातं जेमतेम दहा सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर. ती बनवणारी कंपनी १८९१ पासून सुऱ्या करते आहे. हिशेब सरळ आहे: कापायला वापराल तर ती टिकेल, दगडाने ठोकून ओंडके फोडाल तर तिच्यावर अन्याय कराल.

आता पोलाद. इथे तर नुसती आकड्यांची जत्रा.

'सर्जिकल स्टेनलेस' असं पात्यावर कोरलेलं दिसलं की पुढे चला. या शब्दाने पोलादाची एकच एक जात सांगितली जात नाही. त्यात ३१६ ही जातही येते, आणि ती तापवून-बुडवून कडक होतच नाही. तिची भांडी करावीत, धार नको.

'४४०' असं लिहिलं असेल तर विचारा, पुढचं अक्षर कोणतं? ४४० सीमध्ये साधारण एक टक्का कार्बन असतो, ती चांगली धार धरते. ४४० एमध्ये त्याहून बराच कमी. अक्षर गाळलेलं असलं तर ते विसरून गाळलेलं नसतं.

आणि ते पाण्यावरच्या लहरींसारखी नक्षी असलेलं 'दमास्कस'. दोन पोलादं घडीवर घडी घालून ठोकली आणि आम्लात बुडवली की ती नक्षी खरी उमटते. साध्या पत्र्यावरही आम्लाने किंवा लेसरने तशीच नक्षी काढता येते. नक्षी खरी असो वा खोटी, कांदा तिला ओळखत नाही. धार कशी आहे, हे त्या रेषा सांगत नाहीत.

मग धार ठरते कशावर?

पाण्यावर.

पोलाद कोणतंही असो, त्याला पाणी कसं पाजलं यावर सगळं अवलंबून आहे. हे गावातल्या लोहाराला माहीत आहे, शहरातल्या गिऱ्हाइकाला नाही. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा घ्यायचा. तो स्प्रिंगचा, म्हणजे मुळातच चिवट. भट्टीत घालून ठोकून आकार द्यायचा. मग पुन्हा लाल करायचा. साधारण आठशे अंश तापमान लागतं. सातशे सत्तरच्या आसपास पोलादाला लोहचुंबक चिकटायचं थांबतं, तेवढी खूण पुरते. लोहाराला तीही लागत नाही, तो रंग बघतो. म्हणून तर भट्टी सावलीत असते. भर उन्हात लाल रंग फसवतो.

नंतरचं काम बघण्यासारखं असतं. धारेचा भाग तेवढा पाण्यात. पाठ बाहेर, अजून गरम. धार आता काचेसारखी कडक, आणि काचेसारखीच ठिसूळ. पटकन घासून ती चकचकीत करायची आणि थांबायचं. पाठीतली धग हळूहळू धारेकडे उतरते. पोलादावर आधी फिकट पिवळी छटा, मग तपकिरी, मग जांभळी, अशी सरकत येते. योग्य छटा धारेवर आली की पुन्हा पाणी. चार श्वास उशीर झाला तर धार मऊ. घाई झाली तर पहिल्याच गाठीवर कपचा उडणार.

धार कडक, पाठ चिवट. हेच तर हवं असतं. मोठ्या कारखान्यात त्यासाठी तापमान मोजणाऱ्या भट्ट्या असतात, कडकपणा रॉकवेलच्या मापात तपासतात. रानातल्या सुरीला छप्पन ते साठ हा आकडा ठीक. त्याहून बराच कमी असेल तर धार दुमडते, फार वर गेला तर तुटते. कंपनी हा आकडा सांगत नसेल, तर तिच्याकडे सांगण्यासारखा आकडा नाही असं खुशाल समजा.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांच्या कडेला पाल टाकून बसणारी घिसाडी कुटुंबं हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या करत आली. पुरुष सांडशीने तापलं लोखंड ऐरणीवर धरतो आणि बाई घण घालते. ते घण उचलून बघावेत एकदा. त्यांच्याकडून विळा घेताना वीस रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस ऑनलाइन सुरीचे हजारो रुपये मुकाट भरतो. का? खोक्यावर इंग्रजी आहे म्हणून?

लोहाराचं सगळंच उत्तम असतं, असंही नाही. जुन्या कमानपाट्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर असू शकते; हजारो खड्डे खाल्लेलं पोलाद ते. घाईच्या दिवसांत पाणी चुकतं. रस्त्यावर मिळणारी काही पाती नुसत्या पत्र्याची असतात. म्हणून तपासा. पातं हलकंच ठोका, खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर चीर असण्याची शंका घ्या. मग धारेवर कानस फिरवा. कानस घसरली तर पाणी बसलंय, सहज रुतली तर पातं मऊ आहे.

चकचकीत दुकानात कानस लावू देतील का? लोहार देतो.

गंज हा सह्याद्रीतला खरा शत्रू, आणि चांगल्या सुऱ्यांच्या परदेशी याद्यांत तो कायम तळाला असतो. त्या याद्या कोरड्या थंडीत राहणाऱ्यांनी केलेल्या. त्यांच्याकडे १०९५ सारख्या साध्या कार्बन पोलादाचं कौतुक आहे, ते रास्तही आहे: धार पटकन लागते, पोलाद चिवट. पण जुलैत वासोट्याला किंवा आंबोलीला ते पातं रात्रभर ओल्या पिशवीत ठेवा. सकाळी त्यावर तांबूस डाग उठलेले असतील. कोकणच्या किनाऱ्यावर तर पाऊसही लागत नाही, खारी हवा पुरते.

पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. त्यालाही गंज चढतो, फक्त उशिरा. पावसाळी भटकंतीला, आळशी माणसाला आणि मासे साफ करणाऱ्याला स्टेनलेसच घ्यायला सांगेन. रोज हातात हत्यार असणाऱ्याला कार्बन पोलाद चालेल, कारण तो ते रोज पुसतो. बाकी सगळे सोमवारी कामाला जातात आणि सुरी पुढच्या शनिवारपर्यंत ओल्या सॅकमध्ये राहते.

डी २ नावाचं पोलाद सध्या फार खपतं. क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास, कार्बन दीड टक्का. धार लांबपर्यंत टिकते. पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं, म्हणून ते पुरतं स्टेनलेस नाही. आणि बोथट झालं की साध्या दगडावर घासून हात दुखतील, धार लागणार नाही. धार लावता येत नसेल तर ते पोलाद तुमच्यासाठी नाही.

जाडीचा हव्यास आणखी वेगळा.

सहा मिलिमीटर जाडीचं पातं म्हणजे टिकाऊ, असा समज पक्का बसला आहे. तुटणार नाही हे खरं. कापणारही नाही. टोमॅटो चिरडतं, काठी सोलताना खोल घुसतं, आणि दिवसभर कमरेला वजन ओढत राहतं. तीन ते चार मिलिमीटर पुष्कळ झाले. लांबी दहा-बारा सेंटिमीटर. दोन्ही बाजूंनी सरळ, साधी धार, दातेरी नको. दातेरी धार सपाट दगडावर लागत नाही.

'पण लाकूड फोडायचं असेल तर?'

मग सुरी कशाला? कोयता घ्या.

रायगड-ठाण्यातला कातकरी, ठाकर किंवा कोकणातला बागायतदार रानात सुरी घेऊन जात नाही. तो कोयता घेऊन जातो, कमरेला लाकडी आकडीत अडकवलेला. वजन पुढच्या अंगाला, टोक आत वळलेलं, मुठीला कडी. फांदी छाटणं, नारळ सोलणं, काटेरी जाळी बाजूला करणं, मोळीची लाकडं फोडणं, सगळं त्यात होतं. आत वळलेल्या टोकामुळे घाव निसटत नाही आणि दगडावर आपटून टोक मोडत नाही. एवढा विचार कुठल्या 'सर्व्हायव्हल' सुऱ्याच्या आकारात आहे? उन्हाळ्यात लाकूड आकसून मूठ सैल झाली तर कोयता घटकाभर पाण्यात उभा करतात, लाकूड फुगून पक्कं बसतं. दुरुस्तीचा खर्च शून्य.

मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांकडे तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणून मोजतात. माणसांची मोजणी हत्याराने होते, इतकं ते हत्यार पोटाशी बांधलेलं आहे. आणि आपण शहरात त्याच कोयत्याला फक्त गुन्ह्याच्या बातमीतून ओळखतो.

बातमीवरून कायदा आठवला. तो कुणी वाचत नाही.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार हत्यारांचा वर्ग आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या, खुकरी, तलवारी त्यात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वगळली आहेत. म्हणजे शेतकऱ्याचा कोयता शेतीचं अवजार. तुमचा बारा इंची 'कमांडो' कोणत्या शेतीसाठी आहे, हे पोलिसाला कसं सांगाल?

शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आहे. सण, निवडणुका, मोर्चे आले की जमावबंदीचा आणि शस्त्रबंदीचा आदेश निघतो. तेव्हा कमरेला सुरी लावून एसटी स्टँडवर फिरणं म्हणजे आपणहून प्रश्न ओढवून घेणं. सुरी सॅकच्या तळाशी, म्यानात, गुंडाळून. विमानात तर चेक-इनच्या सामानातच.

पण सगळ्यात मोठा मुद्दा वेगळाच आहे, आणि ट्रेकच्या सामानाच्या याद्यांत तो दिसत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. कलम ३१: अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. शस्त्र म्हणजे बंदूकच ना? नाही. त्याच कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांची यादी आहे, तिच्यात धनुष्यबाण, गळ, जाळी आणि फास यांच्या पंगतीत सुऱ्याही आहेत. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच कलम लागू.

आता आपल्या आवडत्या जागा आठवा. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड: अभयारण्य. भीमाशंकर: अभयारण्य. वासोटा: कोयना अभयारण्य. कर्नाळा: अभयारण्य. चांदोली, बोरिवली: राष्ट्रीय उद्यान. ज्या गडांसाठी तो सुरा विकत घेतला, त्यांतल्या बऱ्याच गडांवर तो न्यायचाच नाही.

वनरक्षकाने नाक्यावर पिशवी उघडायला लावली की वाद घालू नका. त्याच्या रानात फासे लावणारेही 'आम्ही नुसते फिरायला आलोय' असंच सांगतात. तो कुणाकुणाचा चेहरा ओळखत बसेल? रान राखायचं काम त्याच्याकडे आहे, आणि माणसं कमी आहेत. आपल्याला हे रान खरंच प्रिय असेल तर त्याचं काम आपण अवघड का करावं?

मुक्कामाला लागणारा कांदा पायथ्याच्या घरात विळीवर चिरून मिळतो. जेवणही मिळतं. त्या घरच्या मावशींना चार पैसे मिळतात आणि वर चूल पेटवावी लागत नाही. ओली कारवी तोडून शेकोटी करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ओलं लाकूड जळत नाही, नुसता धूर होतो. धार कितीही असली तरी.

कड्यावर दोर लावणाऱ्यांना सुरी लागते, अडकलेला दोर कापायला. तिथे तर उघडं पातं फार धोक्याचं. वजनाने ताणलेल्या दोराला धारेचा नुसता स्पर्श झाला तरी तो तुटतो, आणि त्या दोरावर माणूस असतो. तिथे लहान, मिटणारी, दोरीने बांधून ठेवलेली सुरीच हवी. लांब पात्याचा दिमाख कड्यावर कुणालाच परवडत नाही.

तर मग घ्यायची कुणी? ज्यांना काम आहे त्यांनी. खाडीत गळ टाकणाऱ्यांनी, स्वतःच्या शेतात-बागेत राबणाऱ्यांनी, खासगी रानात तंबू ठोकणाऱ्यांनी, हिमालयात परवानगीने लांबच्या मोहिमेवर जाणाऱ्यांनी. त्यांनी दहा-बारा सेंटिमीटरची, मुठीच्या टोकापर्यंत पोलाद गेलेली, साधी स्टेनलेस सुरी घ्यावी. रंग भडक असला तर उत्तम. हिरवी-काळी मूठ गवतात पडली की सापडत नाही, केशरी सापडते. लपण्यासाठी रंगवलेली वस्तू आपण हरवण्यासाठी का विकत घेतो?

मूठ ओल्या हाताने धरून बघा. पुढच्या बाजूला बोट अडवणारा उंचवटा असला पाहिजे, नाहीतर टोक कशात अडकलं की हात घसरून धारेवर जातो आणि बोटांच्या शिरा तुटतात. शिवता येतात त्या, पण बोट पहिल्यासारखं वाकेलच असं नाही. बसून मांडीच्या दिशेने कधी कापू नका. मांडीच्या आतून मोठी धमनी जाते, आणि रानातून रुग्णवाहिका दोन-तीन तास दूर असते.

म्यान चामड्याचं देखणं असतं. पावसाळ्यात तेच पाणी धरून ठेवतं आणि पातं आतल्या आत खातं. प्लास्टिकचं, तळाला भोक असलेलं म्यान घ्या. घरी आलात की सुरी म्यानाबाहेर काढा, धुवा, कोरडी करा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. ज्याला एवढंही करायचं नाही त्याने 'टिकाऊ कोणती?' हा प्रश्न विचारू नये.

धार लावायचा दगड सुरीबरोबरच घ्या, नंतर नाही. दोन बाजूंचा, एक खरखरीत, एक गुळगुळीत. पातं दगडावर वीसेक अंशांत टेकवा आणि तो कोन मोडू नका. पंधरा मिनिटांचं काम आहे. बोथट सुरीला जास्त जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटते. दवाखान्यात नेणारी सुरी बहुधा बोथटच असते.

आणि धार लागली का, हे अंगठ्यावर बघू नका. कालचं वर्तमानपत्र घ्या, एका हाताने उभं धरा आणि कापा.